परिषदेआधी म्युनिकला मैत्रिणीकडे मुक्काम : व्हिसा, बॅग आणि यजमानांचं घर

मिठीकाठ

नमस्कार मंडळी,

ईजीयूच्या, म्हणजे युरोपियन जिओसायन्सेस युनियनच्या वार्षिक सभेला माझं पोस्टर स्वीकारलं गेलं आहे. सभा व्हिएन्नात, एप्रिलअखेर-मेच्या सुरुवातीला. मी मुंबईतल्या एका अनुदानित महाविद्यालयात भूगोल शिकवते, राहते कुर्ल्याला, आणि पोस्टर मिठी नदीच्या खोऱ्यातल्या पुरावर आहे. युरोपला पहिल्यांदाच जाते आहे.

रुपारेलमधली माझी जिवलग मैत्रीण म्युनिकला असते. नवरा, शाळेत जाणारा मुलगा आणि ती. लग्न होऊन गेल्यापासून आमची भेट होते ती डिसेंबरात, तीही दादरला धावतपळत, तिच्या सासर-माहेरच्या फेऱ्यांच्या मधे. ती म्हणते, परिषदेआधी चार-पाच दिवस माझ्याकडे ये, मग ट्रेनने व्हिएन्नाला जा. मला जायचंच आहे. हॉटेलचे पैसे वाचतील हे खरं, पण तेवढ्यासाठी मी तिच्या दारात बॅग घेऊन उभी राहणार नाही. तिच्याबरोबर निवांत बसायचं आहे.

आता अडलंय ते असं. व्हिसा जर्मनीचा काढायचा की ऑस्ट्रियाचा? उतरणार जर्मनीत, काम ऑस्ट्रियात. मैत्रिणीच्या घरी राहणार हे कागदावर कसं दाखवतात? तिला तिकडे काही सरकारी खेटे घालावे लागतील का? तसं असेल तर मला आधी कळायला हवं, कारण ती मला ‘काही नाही गं’ एवढंच सांगणार. आणि तिकडच्या घरात पाहुण्याने कसं राहावं, काय न्यावं, हेही अनुभवी लोकांनी सांगा. नुसतं कागदपत्रांचं नको.

पार्ले_पूर्व

अभिनंदन! आधी व्हिसाचं उरकून टाकू.

नियम सरळ आहे. शेंगेनमधल्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांमधल्या, ज्या देशात तुमचा मुख्य मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. मुख्य म्हणजे एकतर सर्वांत जास्त दिवस जिथे, किंवा प्रवासाचं मूळ कारण जिथे. दोन्ही बाजू समसमान निघाल्या तरच आधी कुठल्या देशात शिरता हे बघतात. तुमचं कारण व्हिएन्नात आहे आणि दिवसही तिथे जास्त, तेव्हा अर्ज ऑस्ट्रियाचा. म्युनिकला उतरल्याने काही बिघडत नाही. फॉर्मवर ‘मुख्य देश’ आणि ‘पहिला प्रवेश कुठे’ असे वेगळे रकाने असतात. एकात ऑस्ट्रिया लिहा, दुसऱ्यात जर्मनी.

फक्त दिवसांचं पारडं उलटं होऊ देऊ नका. मैत्रिणीकडे दहा दिवस आणि परिषदेला पाच असं झालं की काउंटरवरच विचारतील, मग जर्मनीकडे का नाही गेलात.

शुल्क ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला १५ दिवस धरतात, अडलं तर ४५ पर्यंत जातात. ऑस्ट्रियाचा दूतावास दिल्लीत असल्यामुळे पासपोर्ट मुंबईहून दिल्लीला जाऊन येतो, तेही धरा. ईजीयूच्या अ‍ॅबस्ट्रॅक्टची मुदत जानेवारीच्या मध्यावर संपते, स्वीकृती त्यानंतर येते, आणि एप्रिल-मे म्हणजे सगळी मुंबई उन्हाळी सुट्टीच्या व्हिसाच्या रांगेत. त्यामुळे अपॉइंटमेंट आजच बघा. बाकीचे कागद मागाहून जमवता येतील.

सातरस्ता

माझा सल्ला थोडा वेगळा आहे. अधिकाऱ्याला प्रश्न जितके कमी पडतील तितकं चांगलं. सगळे दिवस व्हिएन्नाचं रद्द करता येणारं हॉटेल दाखवा, व्हिसा मिळाला की मधले दिवस रद्द करा आणि म्युनिकला जा. परिषद खरी आहे, पैसे तुमचे आहेत, फसवणूक कोणाचीच नाही. मैत्रिणीला कागद मागत बसण्यापेक्षा हे सोपं पडतं. आपल्यापायी त्या माणसांना सरकारी कचेरीत उभं राहायला लागू नये, हाही विचार आहेच.

पार्ले_पूर्व

सातरस्ता, भावना समजते, पण हे करू नये असं मला मनापासून वाटतं. फॉर्मखाली सही करताना आपण लिहून देतो की दिलेली माहिती खरी आहे. म्युनिकच्या विमानतळावर पहिलाच प्रश्न असेल, कुठे राहणार? तेव्हा या बाई व्हिएन्नाच्या हॉटेलचा कागद दाखवणार आणि विमान म्युनिकला का, याचं उत्तर शोधत उभ्या राहणार. नकार मिळाला तर त्याची नोंद शेंगेन देशांच्या सामायिक व्हिसा प्रणालीत पाच वर्षं राहते. पहिल्याच प्रवासात हा धोका कशाला?

शिवाय फॉर्ममध्ये आमंत्रण देणाऱ्या व्यक्तीचा रकाना वेगळा आहे आणि आमंत्रण देणाऱ्या संस्थेचा वेगळा. तुमच्याकडे दोन्ही आहेत, दोन्ही भरा. सोबतच्या पत्रात तारखांनिशी सांगा : या तारखेला म्युनिक, अमुक पत्त्यावर मैत्रिणीकडे, या तारखेला ट्रेनने व्हिएन्ना, परिषद, परत. मैत्रिणीला भेटायला जाणं यात लपवण्यासारखं काय आहे?

इसारकाठ

मी मूळची डोंबिवलीची, आता बरीच वर्षं म्युनिकला. आमच्याकडे पाहुण्यांचा राबता असतो, म्हणून यजमानाच्या बाजूने लिहिते.

कचेरीत उभं राहण्याबद्दल. जर्मनीत ‘फरप्फ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग’ नावाचा कागद असतो. यजमान परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन लिहून देतो की या पाहुण्याचा सगळा खर्च मी उचलीन. शुल्क २९ युरो, आणि यजमानाला पगाराचे पुरावे दाखवावे लागतात. म्युनिकमध्ये हे काम केव्हीआर नावाच्या कार्यालयात होतं आणि तिथली अपॉइंटमेंट झटकन मिळत नाही. पण हा कागद लागतो तो पाहुण्याचा खर्च यजमान करणार असेल तेव्हा. आई-वडील येतात तेव्हा आम्ही तो काढतो. मिठीकाठ स्वतःच्या पगारावर येणार, स्वतःच्या खात्याचं स्टेटमेंट जोडणार, तेव्हा साधं आमंत्रणपत्र पुरतं : कोण, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या पत्त्यावर, नातं काय. त्यासोबत मैत्रिणीच्या पासपोर्टची आणि राहण्याच्या परवान्याची प्रत, आणि पत्त्याची नोंदणी केल्याचा दाखला. या तीनही गोष्टी तिच्या घरात फाइलला लावलेल्या असणार. संध्याकाळी बसून अर्ध्या तासात होणारं काम आहे, नि:संकोच मागा.

देश बदलला की ही रीत बदलते, हे पुढे धागा वाचणाऱ्यांसाठी सांगते. फ्रान्समध्ये यजमानाला नगरपालिकेतून ‘आतेस्तास्याँ दाक्युई’ नावाचा दाखला घ्यावा लागतो, त्याला ३० युरोंचं मुद्रांक शुल्क. नेदरलँड्समध्ये वेगळा छापील फॉर्म आहे, त्यावरची सही नगरपालिकेत साक्षांकित करतात. तेव्हा म्युनिकचा अनुभव पॅरिसला लावू नका.

घराबद्दल रात्री निवांत लिहिते.

स्टाफरूम

अनुदानित महाविद्यालय म्हणालात म्हणून रजेचं सांगतो. परिषदेचे दिवस आणि प्रवास यासाठी ड्युटी लीव्ह मिळते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत ती वर्षाला ३० दिवसांपर्यंत आहे. मैत्रिणीकडचे दिवस त्यात घालू नका. त्यासाठी अर्जित रजेचा अर्ज वेगळा द्या. किरकोळ रजा दुसऱ्या रजेला जोडता येत नाही, म्हणून तो मार्ग बंद. ना-हरकत पत्रात दोन्ही कालावधी स्वच्छ लिहून घ्या, म्हणजे व्हिसाच्या तारखा आणि कॉलेजच्या तारखा जुळतील. या दोन कागदांतल्या तारखा जुळत नसल्या की उगाच शंका निघते.

एप्रिल म्हणजे परीक्षा आणि पेपरतपासणी. प्राचार्यांना आणि परीक्षा विभागाला आत्ताच सांगून ठेवा, ऐनवेळी सहकाऱ्यांवर सुपरव्हिजनचा बोजा नको.

तिकीट सरकारी अनुदानातून येणार असेल तर बुकिंग बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच करावं लागतं. आणि आधी म्युनिकला उतरणं चालेल का, हे अनुदान देणाऱ्याकडून लेखी घ्या.

मिठीकाठ

किती नेमकं लिहिलंत सगळ्यांनी! अनुदान नाही, तिकीट माझंच आहे, त्यामुळे तो प्रश्न मिटला. हॉटेलचा खोटा कागद मी देणार नाही. सातरस्ता, तुम्ही यजमानांच्या त्रासाचा विचार केलात तो मलाही होताच, पण इसारकाठ यांच्या उत्तराने ती काळजी गेली.

मैत्रिणीला आंबे न्यायचे मनात आहे. एप्रिलअखेर म्हणजे हापूस ऐन भरात. तिच्या मुलाने झाडावरून आलेला, पेटीतल्या गवतात पिकलेला आंबा कधी खाल्लेलाच नाही.

गोरेगावकर

आंबा नेता येणार नाही, ताई. वाईट वाटतं सांगायला. बाहेरून युरोपीय संघात ताजं फळ न्यायचं तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, प्रवाशाच्या हातातल्या डझनभरालाही. सुटका फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन यांना. आंब्याच्या बाबतीत ते किती कडक आहेत हे २०१४ साली दिसलं. फळमाशी सापडली म्हणून भारतातून येणाऱ्या आंब्यावर १ मे २०१४ पासून बंदीच घातली होती, ती २०१५ मध्ये उठली. हवाबंद डब्यातला आमरस न्या. चेक-इन बॅगेत, कारण हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर काही द्रव चालत नाही.

दूध आणि मांस यांचे पदार्थ प्रवाशांना नेता येत नाहीत. म्हणजे घरचं तूप, खवा, पेढे, बर्फी घरीच ठेवा. चकली, चिवडा, शंकरपाळे, भाजणी, मसाले यांना अडचण येत नाही.

दोन गोष्टी आपल्याच विमानतळावर अडतात. एक, सुकं खोबरं. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या मालात मोडतं, २०२२ पासून चेक-इन बॅगेत बंद आहे. ओळखीतल्या एका आजींची खोबऱ्याच्या वाट्यांची पिशवी सहारला बॅग उघडून काढून घेतली होती, नातवाच्या डोहाळेजेवणाला... चुकलो, नातसुनेच्या. फार हळहळल्या. दुसरी, पॉवर बँक. ती चेक-इनमध्ये अजिबात नाही, हातातल्या बॅगेतच. आणि विमान आखाती देशातून बदलणार असेल तर सामानात खसखस नको. संयुक्त अरब अमिरातीत ती अंमली पदार्थांच्या यादीत आहे.

छबिलदास_गल्ली

काय न्यायचं हे त्या घरच्या मुलाला विचारा. तूरडाळ, पोहे, इन्स्टंट पीठं आता म्युनिकच्या भारतीय दुकानांत मिळतात, त्यात २३ किलो घालवू नका. जे तिथे मिळत नाही ते असं : गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं, कुळथाचं पीठ, तिरफळं. आणि मराठी पुस्तकं! दादरला आयडियलमध्ये अर्धा तास घालवा, मोठ्या अक्षरांची मुलांची पुस्तकं घ्या. गेल्या दिवाळीचा एखादा जाडजूड अंक मैत्रिणीसाठी. एप्रिलमध्ये दिवाळी अंक जुना झाला असं इथे वाटेल, तिथे तो वर्षभर पुरतो.

गोरेगावकर

+१. आणि कालनिर्णय.

इसारकाठ

काल रात्री लिहिते म्हणाले होते, आज जमतंय.

मिठीकाठ, तुम्ही ‘पाहुण्याने कसं राहावं’ हे विचारलंत म्हणून फार बरं वाटलं. येणारा प्रत्येक जण विमान आणि व्हिसा विचारतो, हे कुणी विचारत नाही.

सर्वांत आधी किल्ली. तुमची मैत्रीण तुम्हाला जादा किल्ली देईल, ती जपा. इथल्या पुष्कळ इमारतींत एकच किल्ली खालच्या दाराला, तळघराला आणि घराला लागते. ती हरवली तर कधीकधी सगळ्या इमारतीची कुलपं बदलण्याची वेळ येते आणि तो खर्च भाडेकरूवर पडतो. कुर्ल्याला आपण किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवून निघतो, तसं इथे होत नाही. गळ्यात घाला, पण हरवू नका. आणि दार आपोआप लॉक होतं. कचरा टाकायला खाली गेलात तरी किल्ली बरोबर.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि रविवारी दिवसभर. मिक्सर, व्हॅक्युम, मोठ्याने बोलणं, सगळं बंद. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकणंही रविवारी नाही. एप्रिल-मेमध्ये आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे असतो. मुंबईत सकाळी सहाला आईला उठल्या उठल्या फोन करावासा वाटेल, तेव्हा इथे रात्रीचे अडीच. भिंती पातळ असतात.

फोडणी. तुम्ही स्वयंपाक करून घालणार, मला खात्री आहे, आणि तुमची मैत्रीण त्यासाठी तळमळत असणार. खिडकी उघडी, चिमणी चालू, स्वयंपाकघराचं दार बंद, मग तेल तापवा. घराघरात धूर ओळखणारी यंत्रं छताला असतात. ती किंचाळायला लागली की वरच्या मजल्यावरच्या आजी खाली येतात. चेष्टा नाही करत, इथे शेजाऱ्यांशी संबंध सांभाळणं हे भाडेकरूचं मोठं काम आहे, आणि तुम्ही गेल्यावर तिला तिथेच राहायचं आहे.

रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच भाजी-दूध आणून ठेवतात. १ मेलाही सगळं बंद, आपला महाराष्ट्र दिन, त्यांचा कामगार दिन. त्या दिवशी सगळं घर घरी असेल, तो दिवस मिळत असेल तर जरूर साधा.

एक नाजूक गोष्ट. तुमची मैत्रीण तुमच्यासाठी सुट्टी काढेल, पण सगळे दिवस नाही काढू शकणार. कदाचित ती किंवा नवरा घरून काम करत असतील. दिवसा कुठली खोली कोणाची, टेबल कोणाचं, मीटिंग कधी, हे पहिल्या संध्याकाळी विचारून घ्या. विचारलं की यजमानाचा जीव भांड्यात पडतो. ‘मी सकाळी नदीवर जाऊन येते, दुपारी चारला परत’ असं सांगून बाहेर पडणाऱ्या पाहुण्यांची आम्ही पुढच्या वर्षीही वाट बघतो.

आणि खर्च. किराणा एकदा तरी तुम्ही करा, तिला न विचारता. विचारलंत तर नाहीच म्हणेल.

चाफा

इसारकाठ, हे पान छापून ठेवते आहे. सासूबाई जूनमध्ये श्टुटगार्टला दिराकडे निघाल्या आहेत.

व्हिएन्नाकर

पुढचा टप्पा मी सांगतो.

म्युनिक ते व्हिएन्ना रेलजेट नावाची जलद गाडी, साधारण चार तास, वाटेत साल्झबुर्ग आणि लिंझ. ऑस्ट्रियन रेल्वेच्या साइटवर लवकर काढलं तर ‘श्पारशीने’ नावाचं स्वस्त तिकीट मिळतं, पण ते ठरलेल्या गाडीचंच असतं. वेस्टबान या खासगी कंपनीच्या गाड्याही आहेत. पासपोर्ट हातात ठेवा. शेंगेनच्या आत असलो तरी या सीमेवर २०१५ पासून जर्मन पोलिस तपासणी करतात, जर्मनीत शिरताना जास्त. विमानाचं तिकीट म्युनिकला उतरून व्हिएन्नाहून परत असं काढा, म्हणजे उलटा फेरा पडत नाही.

परिषद ऑस्ट्रिया सेंटर व्हिएन्नात. भुयारी रेल्वेची यू१, स्टेशन काइझरम्यूलन. स्टेशनवर फाटक नसतं, म्हणून तिकीट लागत नाही असं समजू नका. तपासनीस गाडीत येतात आणि दंड मोठा असतो. नळाचं पाणी पिता येतं आणि चवीला सुंदर आहे. ते आल्प्सच्या झऱ्यांतून नळांनी शहरात येतं, पहिली जलवाहिनी १८७३ची. बाटल्यांवर पैसे घालवू नका.

व्हिएन्नातही कोणाच्या घरी राहणार असाल तर एक वेगळा नियम आहे. ऑस्ट्रियात तीन दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर पाहुण्याचीही पत्तानोंदणी करावी लागते, तीन दिवसांच्या आत. हॉटेलात उतरलात तर हॉटेलच बघतं. जर्मनीत परदेशातून आलेल्या पाहुण्याला तीन महिन्यांपर्यंत असं काही करावं लागत नाही.

मिठीकाठ

व्हिएन्नात हॉटेल घेतलं आहे, यू१च्याच वाटेवर. नोंदणीचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पोस्टर कापडावर छापून घेते आहे, घडी करून हातातल्या बॅगेत जाईल. नळकांडं विमानात सांभाळायला नको.

सातरस्ता

माझा जुना मुद्दा सोडतो, पार्ले_पूर्व आणि इसारकाठ यांचं वाचून. तुमचं पोस्टर मिठीवर आहे म्हणून एक वेगळं सांगायचं आहे. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी कलिनाला अडकलो होतो. मिठी म्हटलं की अजून पोटात गोळा येतो.

तुम्ही म्युनिकला जाताय तर इसार बघा. नुसती फिरायला नव्हे, तुमच्या विषयाचं म्हणून बघा. आल्प्समधून धावत येणारी नदी. तिला विसाव्या शतकापर्यंत सरळ कालव्यात कोंडली होती, दोन्ही बाजूंना बांधलेले काठ. २००० ते २०११ या काळात शहरातल्या आठ किलोमीटरवरचे काठ मोडले, पात्र रुंद केलं, गोटे आणि वाळूची बेटं परत येऊ दिली. कारण मुख्यतः पूर. रुंद पात्रात पाणी जास्त मावतं. जोडीला लोकांना नदी मिळाली. आपण मिठीला काय केलं? विहार आणि पवईच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम १८ किलोमीटरची नदी, तिला भिंती बांधल्या आणि गाळ काढत बसलो. दोन्ही नद्यांची तुलना सरळसोट होत नाही हे मला कळतं. इथे भरती आहे, दाट वस्ती आहे, मोसमी पाऊस आहे. पण परिषदेत पोस्टरसमोर उभं राहून बोलायच्या आधी ती नदी डोळ्यांनी बघून या.

इसारकाठ

सातरस्ता काका, अगदी खरं. रायखनबाख पुलापासून दक्षिणेला फ्लाउखरपर्यंत पायी चालत जायचं, तो सगळा सुधारलेला भाग. काँक्रीट काठ कुठे होता हे सांगितल्याशिवाय ओळखता येत नाही. मैत्रिणीच्या मुलाला बरोबर न्या, तो गोटे फेकत बसेल. परतीच्या वाटेवर नदीतल्या बेटावरच डॉइचेस म्युझियम आहे.

व्हिएन्नाकर

आणि व्हिएन्नात परिषदेच्या दारातच दुसरं उदाहरण आहे! काइझरम्यूलनच्या एक स्टेशन आधी डोनाउइन्सेल उतरा. हे २१ किलोमीटर लांबीचं बेट माणसांनी केलेलं आहे. १९७२ ते १९८८ या काळात डॅन्यूबला समांतर दुसरं पात्र खोदलं, नवी डॅन्यूब, आणि निघालेल्या मातीतून बेट उभं राहिलं. एरवी बंधारे बंद, पाणी तळ्यासारखं शांत, लोक पोहतात. पूर आला की बंधारे उघडतात आणि जादा पाणी या पात्रातून निघून जातं. सप्टेंबर २०२४च्या मोठ्या पुरात डॅन्यूबच्या बाजूने शहर वाचलं ते यामुळे. त्रास दिला तो व्हीन या लहान नदीने, जी शहरातून बांधीव नालीतून वाहते. मिठीवाल्यांनी यातली दुसरी गोष्ट जास्त बघावी असं मला वाटतं.

मिठीकाठ

हे वाचून मी कितीतरी वेळ नकाशा उघडून बसले होते. माझ्या पोस्टरमध्ये बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलाच्या) भरावाने पात्र कसं अरुंद झालं याचा एक भाग आहे. इसारचं रुंदीकरण आणि व्हीनची नाली, दोन्ही शेजारी ठेवून बोलता येईल. मैत्रिणीला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, अगं मी रोज सायकलने त्या पुलावरून ऑफिसला जाते, मला हे माहीतच नव्हतं. शनिवारी सगळे मिळून चालायला जायचं ठरलंय, डबा घेऊन.

व्हिसाची अपॉइंटमेंट मिळाली. आमंत्रणपत्र आलं, सोबत तिघांच्या सह्या. मुलाने मराठीत केली आहे. विमा घेताना काही बघायचं का?

पार्ले_पूर्व

किमान ३०,००० युरोंचं संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, आजारपणात मायदेशी आणण्याचा खर्च धरून, आणि मुक्कामाचे सगळे दिवस झाकणारं. तारखा जपून टाका. विमान मध्यरात्रीनंतर सुटत असेल तर तिकिटावरची तारीख दुसऱ्या दिवसाची असते. रजेच्या अर्जातही तेच बघा.

म्युनिकला उतरल्यावर रांगेला वेळ धरा. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करायची पद्धत आणली आहे, पहिल्यांदा जाणाऱ्याला जास्त वेळ लागतो. मैत्रिणीला विमानतळावर लवकर बोलावून ताटकळत ठेवू नका. शहरात यायला एस१ किंवा एस८ लोकल, पाऊण तासाच्या आत. तिने घरी चहाचं आधण ठेवावं, तुम्ही आपल्या आपण पोहोचाल.

चाफा

कापडी पोस्टर दादरच्या आसपास कुठे छापून मिळेल? भाचीची परिषद सप्टेंबरात लिस्बनला आहे, ती पण आधी मैत्रिणीकडे उतरते आहे.

स्टाफरूम

फ्लेक्सवाल्यांकडे ‘फॅब्रिक प्रिंट’ म्हणून विचारा, लोअर परळच्या औद्योगिक गाळ्यांत बरेच जण करतात. आधी अर्ध्या फुटाचा नमुना छापून बघा, बारीक अक्षर कापडावर पसरतं. आणि लिस्बनसाठी यजमानाचा कागद कोणता लागतो ते पोर्तुगालच्या यादीत बघायला सांगा, म्युनिकचं चालणार नाही.